अकरा थरांचा मान

बन्सीलाल गुरुजींनी मळ्यात संडास बांधला आणि तो बघायला निम्मं पहूर गाव येऊन गेलं. माणसं सहा पायऱ्या चढत, दाराला हात लावत, मागच्या बाजूला जाऊन खालच्या पत्र्याच्या झडपा वाजवून बघत, चहा घेत आणि 'चांगलं काम झालं' म्हणत निघून जात. वापरला मात्र कोणी नाही. वापरता येतच नव्हता. दाराला कुलूप होतं आणि किल्ली ताईबाई अक्कांच्या कमरेला होती.

हे कुलूप कसं लागलं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

गुरुजींनी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर गावातलं घर धाकट्या भावाला दिलं आणि ते व सुनंदाबाई तीन एकर केळीच्या मळ्यात राहायला आले. धरणगावला दिलेली त्यांची थोरली बहीण ताईबाई एकटी पडली होती, तिलाही घेऊन आले. मळ्यात दोन खोल्या होत्या, विहीर होती, कडुलिंब होता, एक म्हैस होती. संडास तेवढा नव्हता. केळीची बाग दाट असते, तिघांचं भागत होतं.

जावयाचं भागलं नाही. गुरुजींची एकुलती एक मुलगी नूतन दीपनगरला दिलेली. जावई हितेंद्र तिथल्या वीज केंद्रात बॉयलरवर कामाला, वसाहतीत क्वार्टर. तीन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं मळ्यात मुक्कामाला आले. पहिल्याच सकाळी हितेंद्र डबा घेऊन केळीत गेले आणि त्याच ओळीने समोरून घड कापणारी टोळी आली. टोळीतली माणसं रीतीची. पाव्हण्याला बघून न बोलता पुढे जाणं त्यांना बरं दिसलं नाही. त्यांनी थांबून रामराम केला, कधी आलात विचारलं, दीपनगरला ऊन किती आहे विचारलं, घरच्या म्हाताऱ्यांची खुशाली विचारली. हितेंद्रांनी बसल्या जागेवरून सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. दुपारच्या गाडीने ते नूतनला घेऊन परत गेले.

तक्रार त्यांनी कधी केली नाही. पण पुढच्या दोन्ही आखाजींना सकाळी यायचं आणि 'शिफ्ट आहे' म्हणून संध्याकाळी जायचं, असं सुरू झालं. खानदेशात आखाजी हा लेकीचा सण. सासरच्या मुली चार दिवस येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, कोणाला काही विचारायचं नसतं. नूतन तासभर झोका घ्यायची आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पाय जमिनीला टेकवायची. ती गेल्यावर सुनंदाबाई झोक्याचा दोर सोडू द्यायच्या नाहीत. तो पावसाळ्यापर्यंत कडुलिंबाला नुसता लोंबत राहायचा. गुरुजींना तो दोर बघवत नसे. या आखाजीला लेक चार दिवस राहिली पाहिजे, एवढंच त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर बांधापलीकडे राहणाऱ्या वना गवंड्याला बोलावणं धाडलं.

"खड्डा कुठी घेऊ?" वनाने आल्या आल्या विचारलं.

"खड्डा नाही घ्यायचा. वर बांधायचा," गुरुजी म्हणाले.

वनाने आकाशाकडे बघितलं.

गुरुजींना प्रश्न विचारणारा माणूस मिळाला की बरं वाटे. त्यांनी वनाला विहिरीपाशी नेलं, आत डोकवायला लावलं, मग पावलं मोजत मागे आणलं. "विहीर इथून तीस फूट. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी किती वर येतं? हातभर खणलं की लागतं. मग खड्ड्यातलं कुठं जाईल?"

"विहिरीत," वना म्हणाला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. त्याच विहिरीचं पाणी तो आत्ताच तांब्याभर प्यायला होता.

"म्हणून वर. जमिनीवर विटांच्या दोन खोल्या. एक वर्षभर वापरायची, ती भरली की दुसरी. बसून झालं की मूठभर राख आणि केळीचा वाळका पाला कुस्करून टाकायचा. धुवायला वीतभर बाजूला सरकायचं, ते पाणी वेगळ्या पाइपाने कर्दळीला जाणार. आतलं कोरडं राहिलं की वास नाही, माशी नाही. वर्षाने मागची झडप उघडायची, आत काय निघेल?"

"नका सांगू," वना म्हणाला.

"माती निघेल. काळी, भुसभुशीत. केळीला घालायची."

वनाने तीन आठवड्यांत काम पुरं केलं आणि तेवढ्यात धडाही पाठ केला, कारण गुरुजी त्याला रोज थापी हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारत. राख किती? मूठभर. पाणी कुठे? वीतभर बाजूला. एका वेळचा थर एक की दोन? एकच थर, गुरुजी. नंतर हेच तीन प्रश्न त्यांनी निळ्या दारावर खडूने लिहून ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला उत्तरं दिल्याशिवाय चहा मिळत नसे. पहूरमध्ये संडाससामानाचं दुकान चालवणारे लखीचंदशेठ येऊन गेले. या संडासाला पाण्याची टाकी लागत नाही हे ऐकून त्यांनी टाकी शोधत संडासाभोवती एक फेरी मारली, आणि पहिल्याच प्रश्नाला 'राख पोतंभर' म्हटल्यामुळे त्यांना दोनदा धडा ऐकावा लागला.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी गुरुजी तांब्या घेऊन पायरीवर पाय ठेवणार, तोच मागून काठी आपटल्याचा आवाज आला. ताईबाई अक्का. वय ऐंशीच्या पुढे, साठेक वर्षं धरणगावात काढल्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी.

"थांब रे बन्सी. नवी वस्तूना पहिला मान कोना ऱ्हास?"

गुरुजी थांबले. हे त्यांना ठाऊक होतं. घरात बैलगाडी आली तेव्हा पहिल्यांदा जावई बसले. मोटरसायकल घेतली तेव्हा जावयाने ती कडुलिंबाला धडकवली, मग घरच्यांनी वापरली. केळीचा पहिला घड जावयाच्या घरी जातो.

"अक्का, हा संडास आहे," गुरुजी म्हणाले.

"नवी वस्तू शे का नही?"

"आहे."

"मंग पहिला मान जवाईना. जवाई येवालगून कोनी दारना मजार जावानं नही. कुलूप लाव, किल्ली माले दे."

गुरुजींनी विज्ञानाच्या बाजूने दोन-चार वाक्यं बोलून बघितली. पण सुनंदाबाई आतून म्हणाल्या, "बरोबर बोलताहेत अक्का. एवढं त्यांच्यासाठी केलं, आणि त्यांच्या आधी आपणच बसलो असं त्यांच्या कानावर गेलं तर?" हे मात्र गुरुजींना पटलं. मानपानात एक चूक झाली तर नूतनचे चार दिवस गेले. त्यांनी कुलूप लावलं आणि तांब्या घेऊन नेहमीसारखे केळीत गेले.

आखाजीला अकरा दिवस होते. अकराही दिवस घरचे लोक नव्या संडासाला वळसा घालून बागेत जात. बघायला आलेली मंडळी धडा ऐकता ऐकता दोन-दोन कप चहा पीत आणि मग चेहरा आवळून घाईघाईने सायकलीवर टांग टाकत. आत जाता येत नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार.

एका गोष्टीने मात्र गुरुजी कोड्यात पडले. पायऱ्यांखाली सावलीत त्यांनी चुलीच्या राखेचा डबा भरून ठेवला होता. ती राख रोज थोडी थोडी कमी होत होती. त्यांनी विचार केला, कोंबड्या. कोंबड्यांना राखेत लोळायची सवय असते. त्यांनी डब्यावर फरशीचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी फरशी नीट बाजूला ठेवलेली आणि राख पुन्हा कमी. त्यांनी दगड ठेवला. दगडही बाजूला. गुरुजींनी सुनंदाबाईंना सांगितलं की आपल्या कोंबड्यांमध्ये एक फार हुशार आहे.

"कोंबड्या आपल्या नाहीत, वनाच्या आहेत," सुनंदाबाई म्हणाल्या.

"म्हणजे त्याही धडा ऐकत होत्या," गुरुजी म्हणाले.

आखाजीच्या तीन दिवस आधी ते स्वतः बोलावणं घेऊन निघाले. फोनवर सांगून चालणार नव्हतं. जामनेरला बस बदलून भुसावळ, तिथून दीपनगर. पिशवीत नारळ, अक्षता, कुंकवाची पुडी. क्वार्टरमध्ये हितेंद्रांना पाटावर बसवून त्यांनी टिळा लावला आणि सगळं रीतसर सांगितलं, रचना, राख, पाला, वीतभर सरकणं, आणि शेवटी पहिला मान. नूतन पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

हितेंद्र कमी बोलणारे. नारळ मांडीवर घेऊन ते म्हणाले, "दार आहे ना?"

"आहे. आतून कडी आहे."

"मग येतो. चार दिवसांची रजा टाकतो." मग त्यांनी विचारलं, "आबा, तिथं फार माणसं नसतील ना?"

"घरचीच," गुरुजी म्हणाले, आणि ते त्यांना तेव्हा खरंच वाटत होतं.

आखाजीच्या दिवशी सकाळी नऊला दोघं गाडीतून उतरून मळ्यात आले तेव्हा कडुलिंबाखाली चाळीस माणसं बसलेली होती. कोणालाच बोलावलेलं नव्हतं. पण जावयाच्या मानाला न जाणं बरं दिसलं नसतं. लखीचंदशेठ पांढरे कपडे घालून आले होते. वनाने पायऱ्यांना चुना मारला होता आणि दाराला आंब्याचा डहाळा बांधला होता. घरात आमरसाचं पातेलं आणि सांजोऱ्यांची परात झाकून ठेवलेली होती, कारण मान झाल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही असं अक्कांनी सांगितलं होतं.

सुनंदाबाईंनी जावयाला ओवाळलं. खांद्यावर उपरणं, डोक्याला टोपी, हातात नारळ. अक्कांनी कमरेची किल्ली काढून दिली. हितेंद्रांनी चाळीस माणसांकडे एकदा बघितलं, मग नूतनकडे बघितलं. नूतन झोक्याकडे बघत होती. ते पायऱ्या चढले. वनाने हात पुढे करून म्हटलं, "नारळ माझ्याकडे द्या, पाव्हणं." कडी लागल्याचा आवाज झाला आणि सगळे शांत झाले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

"निवांत होऊ द्या," लखीचंदशेठ म्हणाले.

वीस मिनिटांनी माणसांत कुजबुज सुरू झाली. अर्ध्या तासाने सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं गरम पाणी द्या. कोणी म्हणालं बिडी द्या. जावई बिडी ओढत नाहीत असं कळल्यावर तो म्हणाला, इथूनच बिघडलं आहे सगळं. एका म्हाताऱ्याने दाराजवळ जाऊन, आपल्याला एकदा कसं चार दिवस झालं नव्हतं आणि मग कसं झालं, ते मोठ्याने सांगितलं. बॉयलर चालवणारा माणूस आहे, वेळ घेऊन करेल, असं वना सगळ्यांना समजावत होता.

पाऊण तास झाला. ऊन पायऱ्यांवर चढलं. गुरुजी दाराशी गेले.

"आबा," आतून हळू आवाज आला.

"बोला."

"बाहेर किती माणसं आहेत?"

गुरुजी एकतीस वर्षांत विद्यार्थ्याशी खोटं बोलले नव्हते. "चाळीसेक," ते म्हणाले.

मग हितेंद्र म्हणाले, "नाही जमत, आबा. आणि हात हलवत बाहेर कसा येऊ, तेही कळत नाही. लोक दर आखाजीला हेच सांगतील. तुम्ही त्यांना जेवायला बसवा, मी मागून निघतो. आम्ही संध्याकाळच्या गाडीने जातो."

गुरुजी पायऱ्या उतरले. त्यांना वाटलं, निदान माणसं दारासमोरून हलवावीत, म्हणजे आतल्या माणसाला जरा मोकळं होता येईल. माणसं हलवायचा त्यांना एकच उपाय माहीत होता.

"चला, सगळे मागच्या बाजूला या," त्यांनी वर्गातल्या आवाजात सांगितलं. "वापरण्याआधी खोली आतून कशी दिसते ते दाखवतो. नंतर बघायला मिळणार नाही."

चाळीस माणसं मागे आली. गुरुजींनी झडपेची खिट्टी सरकवली आणि पत्रा उचलला. "बघा. पूर्ण रिकामी," ते म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतः बघितलं.

खोली रिकामी नव्हती. वरच्या भोकाखाली, बरोबर मधोमध, एक छोटी टेकडी होती. राखेचा करडा थर, त्यावर पाल्याचा तपकिरी थर, पुन्हा करडा, पुन्हा तपकिरी. प्रत्येक वेळी मूठभर, ना कमी ना जास्त. पाला नीट कुस्करलेला. पाण्याचा एक थेंब नाही, वास नाही, माशी नाही. गुरुजींनी मोजले. अकरा.

इतक्या वर्षांत इतका स्वच्छ पेपर त्यांच्या हाती आला नव्हता. कोंबड्यांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली. मग हळूच मान वळवून बघितलं. ताईबाई अक्का गर्दीच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या आणि कडुलिंबाच्या शेंड्याकडे बघत होत्या. त्यांच्या लुगड्याच्या काठाला करडी राख लागलेली होती. अकरा दिवस पहाटे त्या वळसा न घालता सरळ सहा पायऱ्या चढत होत्या, आणि ऐंशी वर्षांत पहिल्यांदा आतून कडी लावून बसत होत्या.

"गुरुजी," वनाने टेकडीकडे बोट दाखवत विचारलं, "हे कोणाचं?"

सगळे गुरुजींच्या तोंडाकडे बघू लागले. खरं सांगितलं असतं तर जावयाचा मान गेला असता, अक्कांना चाळीस माणसांत खाली बघावं लागलं असतं, आणि झोका पुन्हा रिकामा लोंबला असता. वर बसलेल्या जावयाला इथलं प्रत्येक अक्षर ऐकू जात होतं.

"जावयांचं," गुरुजी म्हणाले.

लखीचंदशेठ वाकून बघून आले आणि त्यांनी चष्मा पुसला. "एका बैठकीत?"

"एका बैठकीत."

"पण गुरुजी," वना म्हणाला. त्याचा धडा फारच पक्का झाला होता. "एका वेळी एकच थर, असं तुम्हीच सांगितलं. हे अकरा आहेत. आणि खालचे वाळलेले दिसतात."

गुरुजींनी पत्रा अर्धा खाली घेतला. "त्यांनी दर थोड्या वेळाने राख टाकली. घाई केली नाही. म्हणून तर पाऊण तास लागला. आणि एवढ्या उन्हात वाळायला कितीसा वेळ लागतो?"

वनाने खोलीत बघितलं, मग वर बघितलं, मग टोपी काढली. "अकरा वेळा," तो हळू आवाजात म्हणाला. "बॉयलरवरचा माणूस आहे."

ही बातमी गर्दीत पुढून मागे गेली आणि मागून पुढे येईपर्यंत तिच्यात आदर भरला होता. माणसं पुढे आली, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. वर कडी सरकली. हितेंद्र दारात आले. घामाने उपरणं भिजलं होतं. खाली चाळीस माणसं हात जोडून उभी होती. हितेंद्रांनी टोपी नीट केली, सावकाश पायऱ्या उतरले आणि वनाच्या हातातून नारळ परत घेतला.

"जेवायला बसा आता," सुनंदाबाई म्हणाल्या. "रस गरम होतोय."

त्या दिवशी रस पुरवायला शेजारच्या मळ्यातून आंबे आणावे लागले. लखीचंदशेठनी जावयाच्या पंक्तीला मुद्दाम शेजारी बसून त्यांच्या रोजच्या आहाराची चौकशी केली. संध्याकाळची गाडी रस्त्याने हॉर्न वाजवत गेली तेव्हा नूतन झोक्यावर होती. तिने घड्याळ आधीच काढून खिडकीत ठेवलं होतं.

दिवेलागणीला हितेंद्र गुरुजींजवळ येऊन बाजेवर बसले.

"आबा, ते अकरा थर कोणाचे?"

"मी बोर्डाचे पेपर तपासायचो," गुरुजी म्हणाले. "नाव झाकलेलं असतं. आपण उत्तरं बघायची आणि मार्क द्यायचे."

"आणि मार्क मला मिळाले."

"मिळाले. आता त्याला शोभेल असा अभ्यास करा. चार दिवस आहेत."

हितेंद्र कितीतरी महिन्यांनी हसले.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत ते उठले. मळ्यात कोणी जागं नव्हतं. केळीच्या टोळ्यांना चार दिवस सुट्टी होती. चपला हातात घेऊन, आवाज न करता ते पायऱ्यांपाशी आले, आणि तेवढ्यात निळं दार आतून उघडलं. ताईबाई अक्का काठी टेकत, एकेक पायरी मोजत खाली आल्या. शेवटच्या पायरीवर त्यांनी जावयाला बघितलं. हितेंद्रांनी चपला खाली ठेवल्या.

अक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, डब्यावरचा दगड काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "राख मी टाकी दिन्ही शे. आते तुमी जा, जवाई. मी आठे बसस. कोनी उनं तर परत धाडी दिसू."

आणि त्या डब्याशेजारी पायरीवर, दाराकडे पाठ करून बसल्या.